लकवा, रक्तदाब आणि आपलं धडगाव

संपादक मंडळाने रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितला, तेव्हा मी थोडा वेळ मागून घेतला. जागा कशी मिळाली, बिनशेती परवानगीसाठी किती खेटे घातले, पहिली बोअर कोरडी कशी गेली, हे सगळं आपले चेअरमन आणि जुने सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी पहिल्या सभासदांची यादी घेऊन बसलो. त्यातल्या बऱ्याच नावांमागे आता 'कै.' लावावं लागतं. पिकलं पान गळणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोण कशाने गेलं ते आठवू लागलो, तर दोनच शब्द पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले. एक 'अटॅक' आणि दुसरा 'लकवा'. त्यातले काही जण तर पेन्शनचे पहिले दोन-चार हप्तेही नीट न घेता गेले.

म्हणून सभासद बंधू-भगिनींनो, हा या दोन शब्दांचा इतिहास आहे. मी डॉक्टर नाही. जन्म आकडेमोडीत आणि वसुलीत गेला. पण वाचनाची आवड आहे, आणि निवृत्तीनंतर स्वतःलाच बीपीची गोळी लागल्यावर या विषयाचं जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्यासारख्या डोंगरी गावात लकव्यावरचा खरा उपाय दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू होत नाही. तो त्याच्या दहा-वीस वर्षं आधी, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजण्यापासून सुरू होतो.

काउंटरवर दिसलेला लकवा

मी अक्राणी महालात पहिल्यांदा आलो तो १९८०च्या दशकात, बदली होऊन. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. कागदोपत्री तालुका अक्राणी आणि मुख्यालय धडगाव, याचा नव्या माणसाला घोळ व्हायचा. 'अक्राणीला जायचंय' म्हणून गाडीत बसायचं आणि उतरायचं धडगावला. पावसाळ्यात घाट बंद पडला की टपाल नाही, वर्तमानपत्र नाही, रोकडही नाही. पाड्यावरचा आजारी माणूस बांबूला बांधलेल्या झोळीतून चौघांच्या खांद्यावर खाली यायचा. झोळीत कोण आहे हे विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर 'बाळंतीण' किंवा 'ताप' असं असे. म्हातारं माणूस सहसा झोळीत नसायचं. त्याला घरीच ठेवत.

मला लकवा दिसला तो काउंटरवर. खातेदाराची सही जुळेना झाली की कॅशियर कागद माझ्याकडे पाठवायचा. दहा वर्षं झोकात सही करणारा माणूस अचानक थरथरती रेघ ओढतो, किंवा मुलगा येऊन सांगतो, "साहेब, बाबांचा उजवा हात गेला." अशा वेळी बँकेत पद्धत आहे. सही करता येत नसेल तर अंगठा घ्यायचा, अंगठाही देता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, आणि त्यावर दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. या कामासाठी मी अनेकदा खातेदाराच्या घरी गेलो आहे. ओटीवर बाज टाकलेली, माणूस एका कुशीला, तोंड वाकडं, बोलायला जातो आणि शब्द फुटत नाही. बायको चमच्याने पेज भरवते. शेतीचं कर्ज तसंच उभं, आणि नांगर धरणारा हात निकामी. आजार एकाला आणि अंथरूण सगळ्या घराला, असा तो प्रकार.

लोक म्हणत, 'वारं गेलं अंगावरून'. कोणी म्हणे बाहेरचं आहे. भगताकडे नेत. आपण शिकलेले लोक त्यांना हसायचं कारण नाही. चांगल्या नोकरदारांच्या घरांतही लुळ्या अंगाला कबुतराचं रक्त चोळलेलं मी पाहिलं आहे. 'अर्धांगवायू' या शब्दातही वायू आहेच की. कारण माहीत नसलं की माणूस वाऱ्याला दोष देतो. त्या खातेदारांपैकी किती जणांचं बीपी त्याआधी एकदा तरी मोजलं गेलं असेल? माझ्या आठवणीत एकही नाही.

बीपी मोजायला जग कधी शिकलं

पण ही फक्त आपल्या डोंगराची गोष्ट नव्हती. सगळं जगच या बाबतीत उशिरा शहाणं झालं.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचं साधन इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये केलं. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकण्याची रीत सांगितली, आणि वरचा-खालचा असे दोन आकडे मिळू लागले. आकडे मिळाले, पण त्यांचा अर्थ लागायला आणखी चाळीस-पन्नास वर्षं गेली. बऱ्याच मोठ्या डॉक्टरांची समजूत अशी होती की, वय झालं की नळ्या कडक होतात, त्यातून रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागतोच. तो कमी करायला जाऊ नये. इंग्रजीत या दुखण्याच्या नावाला अजूनही 'इसेन्शियल', म्हणजे 'आवश्यक', हा शब्द चिकटून आहे.

या समजुतीची किंमत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षालाही मोजावी लागली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी कित्येक वर्षं चढत गेलं होतं, पण ते कमी करणारं धड औषधच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी डोकं दुखतंय म्हणाले आणि कोसळले. त्यावेळी बीपी ३००/१९० भरलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाच्या हाताशी त्या दिवशी जे औषध नव्हतं, ते आज आपल्या ग्रामीण रुग्णालयात फुकट मिळतं. हे जरा थांबून ध्यानात घ्या.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात एक अभ्यास सुरू झाला. गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांना बोलावलं, बीपी, वजन, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट सगळं लिहून घेतलं, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा तपासत राहिले. औषध दिलं नाही, फक्त नोंद ठेवली. त्या वह्यांतूनच जगाला कळलं की, वाढलेलं बीपी हे म्हातारपणाचं लक्षण नसून लकव्याचं आणि हृदयविकाराचं कारण आहे. आज आपण सहज 'रिस्क फॅक्टर' म्हणतो, तो शब्द या अभ्यासामुळे रूढ झाला. उपचाराने लकवे खरोखर कमी होतात हे अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांवरच्या चाचणीत १९६७ आणि १९७० साली सिद्ध झालं.

या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे, तो फार जणांना माहीत नसतो. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. तिच्या मुळीने बीपी उतरतं हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर तिचा पद्धतशीर वापर करून पाहिला आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. मग पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे जास्त चांगल्या गोळ्या आल्या आणि सर्पगंधेचा वापर मागे पडला. तरी बीपीवरच्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक रानातल्या मुळीतून आणि मुंबईच्या वॉर्डातून जगात गेलं, याचा अभिमान वाटायला हरकत नाही. मात्र कोणी उद्या ती मुळी उगाळून पिऊ नये. मात्रा चुकली तर तिचे परिणाम वाईट आहेत, म्हणूनच ती मागे पडली.

'डोंगरातल्या माणसाला बीपी होत नाही'

ही समजूत मी इथे चाळीस वर्षं ऐकतोय. माणूस दिवसभर चढ-उतार करतो, ज्वारी-मक्याची भाकरी खातो, हवा स्वच्छ; त्याला कसलं बीपी? बीपी-शुगर ही शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्या लोकांची दुखणी. मलाही हे पटण्यासारखं वाटे. गडचिरोलीने ते खोटं ठरवलं.

गडचिरोली आणि आपला भाग यांत साम्य पुष्कळ. तोही जुन्या जिल्ह्यातून, चंद्रपुरातून, १९८२ मध्ये वेगळा काढलेला. जंगल, आदिवासी वस्ती, लांबचे दवाखाने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं नाव आपल्याला बालमृत्यूंवरच्या कामामुळे माहीत आहे. डॉ. अभय बंगांना १९९५ मध्ये स्वतःला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. आपल्या सोसायटीत त्याची एक प्रत इतक्या घरांतून फिरली आहे की तिचं मुखपृष्ठ आता राहिलेलं नाही.

याच संस्थेतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं एक सोपी पण चिकाटीची गोष्ट केली. गावात मृत्यू झाला की त्याची नोंद घ्यायची, घरच्यांना भेटून शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते विचारायचं, आणि त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ठरवायचं. एकूण १,५९९ मृत्यू नोंदले गेले. त्यात पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. २२९ जण, म्हणजे शंभरातले चौदा. मलेरिया नव्हे, क्षय नव्हे, लकवा. गेलेल्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. आणि शंभरातले सत्त्याऐंशी घरीच गेले. दवाखान्याच्या कोणत्याही रजिस्टरात त्यांची नोंद नव्हती. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ते वाचताना मला त्या ओटीवरच्या बाजा आठवल्या. आपल्याकडेही ते घरीच होते, म्हणून ते कोणाला दिसले नाहीत, एवढंच.

डॉ. बंगांच्याच अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने आदिवासी आरोग्यावर तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यात सांगितलं आहे की आदिवासी प्रौढांपैकी चारांतल्या एकाला उच्च रक्तदाब आहे. म्हणजे चढ-उताराने आणि भाकरीने अभय मिळालेलं नाही. बीपी वाढवणाऱ्या गोष्टी डोंगरातही पोहोचल्या आहेत. तंबाखू, मिश्री, विडी तर जुनीच. वाटीभर डाळ मिळाली नाही की भाकरीसोबत मीठ-मिरची, हेही जुनंच. त्यात आता पाच रुपयांच्या खारट पाकिटांची भर पडली, ती कोणत्याही पाड्यावरच्या दुकानात लटकलेली दिसतात. दारूचं वेगळं सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याला आणखी एक जोखीम आहे, ती म्हणजे सिकलसेल. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. त्यामुळे अशा मुलांना लहान वयातही लकवा होऊ शकतो. पोराचा एक हात अचानक लुळा पडला तर 'झोपेत अवघडला असेल' म्हणून थांबू नये. सिकलसेलसाठीचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि लग्नाआधी ती करून घेण्यात कमीपणा काही नाही.

घाट आणि घड्याळ

लकवा म्हणजे काय ते थोडक्यात. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने तुंबते किंवा फुटते. पहिला प्रकार जास्त आढळतो. हृदयाच्या नळीत असंच अडलं की त्याला आपण अटॅक म्हणतो. दोन्हींची मुळं बहुतांशी तीच आहेत: बीपी, शुगर, तंबाखू, चरबी, बैठं जगणं.

गुठळीच्या लकव्यावर इंजेक्शन आहे. ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. पण त्याआधी सीटी स्कॅन करून नळी तुंबली आहे की फुटली आहे हे पाहावंच लागतं. फुटलेल्या नळीला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जाईल. या सगळ्याचा हिशोब आपल्या नकाशावर मांडून पाहा. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत येणं. तिथून धडगावचं ग्रामीण रुग्णालय. तिथून चांदसैलीचा घाट उतरून तळोद्याकडे, नाहीतर शहाद्यावरून नंदुरबार. पावसाळ्यात दरड आली तर विचारायलाच नको. नर्मदाकाठच्या गावांना तर आधी बोट. मेंदूतली नळी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असं शास्त्रज्ञ सांगतात. घाटातलं प्रत्येक वळण केवढ्याला पडतं ते त्यावरून कळेल.

सुधारणा झाल्या नाहीत असं नाही. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. नंदुरबारला वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झालं. ज्यांनी झोळीचे दिवस पाहिले त्यांना या गोष्टींची किंमत ठाऊक आहे. आणि वेळ हातात असेल तर ती वाया जाऊ नये म्हणून चार खुणा घरातल्या पोराटोरांनाही पाठ पाहिजेत. हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला वाकडं होतं का? दोन्ही हात पुढे धरायला सांगितले तर एक खाली पडतो का? साधं वाक्य बोलताना जीभ अडखळते का? यातलं एक जरी दिसलं, तर चौथी गोष्ट वेळ. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची आणि १०८ लावायचा. तोंडात पाणी, औषध, काही घालायचं नाही. ठसक्याने ते फुप्फुसात जातं. रक्त पातळ करणारी गोळीही स्वतःच्या मनाने द्यायची नाही, कारण नळी फुटलेली असू शकते. 'जरा झोपू द्या, सकाळी बघू' हे वाक्य तर घरातून हद्दपार करा. छातीत दाबल्यासारखं, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तरी तोच नियम. 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन बसू नये, ईसीजी काढून घ्यावा.

तरीही मी प्रामाणिकपणे सांगतो, आपल्या भागात या घड्याळाबरोबरची शर्यत सगळ्यांना जिंकता येणार नाही. म्हणून शर्यत लागूच नये, हे बघणं आपल्या हातात आहे. वरचा आकडा दहाने जरी खाली आणला, तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो, असं मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात आहे. त्याला घाट उतरावा लागत नाही.

पासबुक आणि थकबाकी

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला पाच राज्यांतले २६ जिल्हे होते. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. पुढे तो वाढत गेला आणि २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

त्यात नवं औषध नव्हतं, मोठं यंत्र नव्हतं. मग काय होतं? प्रत्येक डॉक्टरने आपापल्या मनाचं औषध लिहिण्याऐवजी ठरलेल्या पायऱ्या. आधी अम्लोडिपीनसारखी एक साधी, स्वस्त गोळी. महिन्याने पुन्हा मोजायचं. दाब उतरला नसेल तर पुढची पायरी. गोळ्या एकदम तीस दिवसांच्या द्यायच्या, म्हणजे मजुरी बुडवून आठवड्याला खेप नको. त्या जवळच्या उपकेंद्रात मिळतील असं पाहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक रुग्णाचं खातं. कधी आला, आकडा किती, गोळी कोणती, पुढची तारीख कोणती. तारीख उलटून गेली आणि माणूस आला नाही, की त्याचं नाव यादीत येणार आणि त्याला फोन जाणार किंवा आशाताई घरी जाणार.

हे वाचलं आणि मी मनाशी म्हटलं, अहो ही तर आपली थकबाकीदारांची यादी! बँकेत कर्ज देणं सोपं असतं, बँक टिकते ती हप्त्याच्या पाठपुराव्यावर. बीपीचंही तसंच आहे. ओळखणं सोपं, गोळी सुरू करणं सोपं. अवघड आहे ते वर्षानुवर्षं चालू ठेवणं. कारण बीपी दुखत नाही. गोळी घेऊन आकडा उतरला की माणसाला वाटतं आपण बरे झालो. आपल्याच सोसायटीतले एक शिक्षक सभासद, रोज पहाटे फिरायला जाणारे, मला म्हणाले होते, "साहेब, बीपी एकदम नॉर्मल आलं, बंद केली गोळी. मला काय धाड भरलीय?" त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंतही ते पोहोचले नाहीत. बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे आलं होतं. हप्ते वेळेवर जातायत म्हणून कर्ज फिटलं असं कोणी समजत नाही. गोळीच्या बाबतीत मात्र शहाणी माणसं तेच समजतात.

आणि एकट्याने हे जमत नाही, गावाने केलं तर जमतं, याचंही उदाहरण इतिहासात आहे. फिनलंडमधल्या उत्तर करेलिया या भागात १९६०च्या दशकात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. शेवटी लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. तेही लाकूडतोडे आणि गुरं राखणाऱ्यांचंच राकट मुलूख. त्यांनी दवाखान्यांवर भर न देता महिला मंडळं, शाळा, डेअऱ्या, दुकानदार यांना हाताशी धरलं. लोणी-मीठ कमी, धूम्रपान कमी, बीपीची नियमित मोजणी. चाळीसेक वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. तिथल्या महिला मंडळांनी केलं ते आपल्या महिला मंडळाला न जमण्यासारखं काय आहे?

आपण काय करू शकतो

सोसायटीचा सिंकिंग फंड आपण स्लॅब पडल्यावर गोळा करत नाही. दर महिन्याला थोडा थोडा, वीस-तीस वर्षं आधीपासून बाजूला काढतो. तब्येतीचंही तसंच चालवायचं.

मोजणी चुकीची झाली तर सगळंच चुकतं, म्हणून आधी ती. चहा-तंबाखू झाल्यावर अर्धा तास थांबायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. दोनदा मोजायचं. वेगवेगळ्या दिवशी आकडा १४० वर किंवा ९० खाली याच्या पुढे येत राहिला, तर ग्रामीण रुग्णालय गाठायचं. घाबरायचं नाही आणि टाळायचंही नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते, गोळ्याही मिळतात.

मिठाचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत सांगितलं आहे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपण भारतीय सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो. घरात चार माणसं असतील आणि महिन्याला किलोभर मीठ संपत असेल, तर हिशोब तुम्हीच करा. त्यात पापड, लोणची, फरसाण धरलेलंच नाही. मीठ कमी केलं की जेवण बेचव होतं, ही तक्रार खरी आहे. पण आपल्याकडे त्यावर घरचा उपाय आहे. उन्हाळ्यात गावोगावच्या अंगणांत वाळत पडलेलं आमचूर धडगावची ओळख आहे. डाळीत, भाजीत आमचूर जरा सढळ टाकलं की आंबटपणामुळे मीठ कमी पडल्याचं जिभेला जाणवत नाही. माझ्या घरी सूनबाईने हा प्रयोग दोन वर्षांपूर्वी केला. पहिले पंधरा दिवस मी कुरकुर केली, आता बाहेरचं जेवण खारट लागतं.

तंबाखूबद्दल वेगळं काय सांगू? गुटखाबंदी राज्यात २०१२ पासून आहे. ती आपल्या गेटच्या आत तरी शंभर टक्के पाळू.

आणखी एक. बायकांचं बीपी घरात सगळ्यात शेवटी मोजलं जातं, किंवा मोजलंच जात नाही. नवऱ्याला गोळीची आठवण करणारी बाई स्वतः पट्टा बांधून घेत नाही. गडचिरोलीत गेलेल्यांत निम्म्या बायका होत्या हे विसरू नका.

आता माझी सूचना. सोसायटीने दोन चांगली बीपी मशीन घ्यावीत, लहान-मोठे दोन्ही पट्टे असलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ ते दहा सभागृहात सगळ्यांची मोजणी करावी. मोजायला आपल्याकडे दोन निवृत्त परिचारिका भगिनी आहेत, त्या तयार आहेत. एक वही ठेवावी. ती मी लिहीन, हात अजून स्थिर आहे. प्रत्येकाला पासबुकासारखं छोटं कार्ड द्यावं. ज्यांची गोळी चालू आहे आणि जे दोन महिने आले नाहीत, त्यांच्या दारात मी स्वतः जाईन. वसुलीचा अनुभव दांडगा आहे. आकडे गुप्त राहतील, तेही बँकेत शिकलेलो आहे.

आणि ही वही फक्त सभासदांपुरती नको. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, वॉचमन दादा, वडफळ्या-रोषमाळकडून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या, बांधकामावरचे मजूर, यांनाही त्याच रांगेत, त्याच खुर्चीवर बसवायचं. बाजाराच्या दिवशी गेटबाहेर एक टेबल लावलं, तर पाड्यावरची किती माणसं मोजली जातील! ज्याचा आकडा जास्त येईल त्याला चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवायचं आणि त्याच्या गावच्या आशाताईंना कळवायचं. उपचार डॉक्टरांचे, पाठपुरावा आपला. पंचवीस वर्षं या गावाने आपल्याला पाणी, भाजी, माणसं सगळं दिलं, त्याच्या बदल्यात हे फार नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी लेखी मांडणार आहे. खर्चाचा अंदाज सोबत जोडलेला असेल, तो एका वर्षाच्या गणपतीच्या मंडपाच्या भाड्याहून कमी आहे. सूचक मी आहेच. अनुमोदन कोण देतंय, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा.